तोंडापुढे पुठ्ठा

जाड दार बंद झालं आणि म्हातारा विणकर आत एकटा राहिला. खोली कसली, कपाटच ते. भिंतींना मऊ अस्तर, डोक्यावर हेडफोन, हातात बटण आणि समोर काच. काचेपलीकडे कान तपासणाऱ्या बाई यंत्रापाशी बसल्या होत्या. त्यांच्या पाठीमागे बाकावर मुलगा आणि सून.

सकाळीच त्याने दाढी घोटली होती, इस्त्रीचा शर्ट चढवला होता. मुलगी बघायला निघाल्यासारखा थाट. हसण्यासारखंच होतं, पण ही तपासणी त्याने स्वतः हट्टाने मागून घेतली होती. मोठ्यांचं बोलणं कसंबसं निभत होतं. नात मात्र गळ्यात हात टाकून थेट कानात बोलायची. तिची सगळी गुपितं कानातलीच. कानाला तिचा गरम श्वास लागायचा, शब्द एकही नाही. तो आपला नंदीबैलासारखा मान डोलवायचा. परवा ती गळ्यातले हात काढून समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही खोटं खोटं ऐकता." ते त्याला कळलं. त्या रात्री तो जेवला नाही.

शिट्ट्या सुरू झाल्या. जाड आवाज आले तसं त्याने बटण दाबलं. मग बारीक आवाजांची पाळी आली असावी, कारण बटण हातात नुसतं पडून राहिलं. उभी हयात गिरणीत मागांच्या खडखडाटात गेली होती. तो खडखडाट आधी बारीक आवाज खातो, आणि लहान पोरांचे आवाज बारीकच असतात.

बाई दार उघडून त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आजोबा, मशीनचा तुम्हाला चांगला उपयोग होईल."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. मुलगा आणि सूनही दारापाशी आले होते. बाई त्यांच्याकडे वळल्या.

"पण मशीन नुसतं कानात घालून भागत नाही हं. सवय व्हायला काही महिने जातात. घरच्यांना रोज समोर बसून सावकाश बोलावं लागतं."

"हो, हो, बोलू की," मुलगा म्हणाला.

बाई पुन्हा म्हाताऱ्याकडे वळल्या. "आता शब्दांची चाचणी राहिली. मी म्हणेन तो शब्द तुम्ही मोठ्याने म्हणायचा. मी तोंडापुढे पुठ्ठा धरीन. नाहीतर लोक ओठ बघून उत्तरं देतात आणि कानांचं खरं काही कळत नाही."

म्हातारा हसला. परीक्षेत लबाडी नको, हे त्यालाही पटलं. दार पुन्हा बंद झालं आणि सगळे आपापल्या जागी गेले.

बाईंनी पुठ्ठा वर केला. "पाणी," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज बाहेरच्या स्पीकरमधून खणखणीत आला. बाईंनी मान हलवली. "गाडी," तो म्हणाला. तेही बरोबर निघालं. पुढचा शब्द चुकला, त्याच्या पुढचा पुन्हा जमला. शाळेतल्या पोरासारखा तो खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता.

बाईंच्या पाठीमागे सुनेने नवऱ्याला कोपराने ढोसलं. मशीनचं आता ठरवायला हवं होतं. पण बाईंच्या कानावर तर जायला नको. मग दोघं बोलली ती त्या घरात पिढीजात चालत आलेल्या पद्धतीने: आवाज काढायचा नाही, ओठ मोठे आणि सावकाश हलवायचे. ही गिरणीची बोली. मागांच्या गोंगाटात ओरडून उपयोग नसायचा. विणकराची बायकोही त्याच खात्यात होती, आणि पोर झोपलं की घरातही दोघं तशीच बोलायची. पोर डोळे किलकिले करून बघायचं. मग आईने त्याला ती बोली खेळ म्हणून शिकवली. लग्नानंतर त्याने ती बायकोला शिकवली. घरातल्या कागाळ्यांना फार सोयीची.

बाईंना त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मुलगा स्वतःच्या हुशारीवर खूश होता. अकलेचा कांदा!

"आजोबा?" बाईंनी शब्द पुन्हा म्हटला.  म्हाताऱ्याची नजर बाईंवर नव्हती, त्यांच्या पाठीमागे होती. खुर्चीच्या कडेवरून तो हळूहळू मागे सरकला, पाठ टेकून बसला.

"जे कळेल ते म्हणा. चुकलं तरी चालेल," बाई म्हणाल्या.

स्पीकरमधून त्याचा आवाज आला. मघाशी 'पाणी' म्हणाला होता तसाच, सरळ आणि स्पष्ट.

"मशीन कशाला? सोमवारी बाबांना वृद्धाश्रमात सोडायचंच आहे. तिथं बोलणार कोण आहे त्यांच्याशी?"

बाईंनी पुठ्ठा खाली घेतला. "नाही आजोबा, मी 'खिडकी' म्हणाले होते."

बाकावर सुनेने पदराचं टोक मुठीत आवळलं. मुलगा पांढराफटक पडला.

म्हाताऱ्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. काचेतून तो मुलाकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, मोठे आणि सावकाश. स्पीकरमधून काहीच येईना. माइक बिघडला की काय म्हणून बाई बटणं चाचपू लागल्या.

मुलाला मात्र सगळं कळत होतं.

"आईनं चांगलं शिकवलंय तुला. माझा एकही शब्द चुकला नाही."