भाकरीचा वास

कापसाला सोन्याचा भाव आला आणि अकोटाजवळच्या त्या गावानं ज्वारी पेरणंच सोडलं. जमुनाबाईनं मात्र घराखालचं पेव ज्वारीनं भरलं आणि त्याच्या तोंडावर जातं मांडलं. पाऊस रुसला, तसा सरकारचा हुकूम सुटला: घरोघरी साठवलेलं धान्य जप्त. शिपायानं सळईनं अंगण, गोठा, परसदार टोचून पाहिलं. काहीच लागलं नाही. दमून ओसरीत जात्याशेजारी टेकला. दारी आलेला उपाशी कसा धाडायचा, म्हणून तिनं तव्यावरची भाकर त्याच्यापुढं ठेवली. घास तोंडाशी नेताच पेवात मुरलेल्या दाण्याचा उबट वास आला आणि तो थबकला. “मावशी, हे पेवातली जवारी हाये.” “नाही रे बाप्पा, बाजारची हाये.” “माह्या मायच्या भाकरीले असाच वास ये.” तिनं हात जोडले. “मंग तुले मायची आन, बोलू नको.” हातातला घास कपाळाला लावून तो उठला. “तिचंबी पेव सरकारले म्याच दाखवलं, मावशी. जातं सरकवा.”