ओटीतल्या तीन ग्रिपा

भिवराबाई विजेच्या डीपीशेजारच्या बांधावर बसली होती. ओटीत फ्यूजच्या तीन चिनीमातीच्या ग्रिपा होत्या. सकाळपासून फ्यूज दोनदा उडाला, तेव्हा तिचा नवरा सटवा डीपीतून त्या काढून, लाईन तोडून तिच्याकडे देत म्हणाला होता, "केबल कुठंतरी सोललीय. हिरीत उतरून बघतो. मी वर येईस्तोर ह्या कुनाला देऊ नको. देव आला तरी न्हाई."

देव आला नाही, विजयसिंह आला. या डीपीवर पाण्याच्या सात मोटारी, त्यातली सगळ्यात मोठी त्याची, आणि लाईट बाराला जाणार होती. गाडीवरून उतरता उतरताच त्याने खिशातून सुतळीएवढी जाड, पिळलेली तार काढली.

"आन त्या ग्रिपा, मावशी. ही तार घालतो. मग बघू फ्यूज कसा उडतो ते."

"मानूस हिरीत हाय, बापू."

"स्टार्टर बंद हाय की! त्याला काय होतंय? हितं माझा ऊस वाळाय लागलाय."

स्टार्टरचं भिवराबाईला काही कळत नव्हतं. पण उद्या शेरडांसाठी याच बापूच्या बांधावर पाला तोडायला जायचं आहे, हे पक्कं कळत होतं. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. तिने ओटी मुठीत आवळली.

"बारीक तार जळती म्हनून लाईट जाती, बापू. तुमची ही जाड काय जळायची न्हाई. मग जळायचं कुनी?"

विजयसिंहाने पुढे केलेला हात तसाच राहिला.

तेवढ्यात सटवा विहिरीकडून येताना दिसला, कमरेपर्यंत ओला.

"सापडलं!" तो लांबूनच ओरडला. "स्टार्टरकडं जानारी केबल लोखंडी शिडीवर घासलीय. स्टार्टर बंद असला तरी हिच्यात करंट असतोच. उघडं तांबं शिडीलाच टेकलं हुतं, अन् मी तिच्यावरच हुबा. टेप गुंडाळलीय आता." तो हसत होता.

विजयसिंहाने खाली बसून जाड तारेचा पीळ उलगडला, केसासारखी एक तार सुटी केली आणि सटवाच्या हातात दिली.

सटवाने ग्रिपांसाठी भिवराबाईपुढे हात केला. तिची मूठ काही सुटेना.

"दे की आता," तो तिची बोटं एकेक करून सोडवत म्हणाला, "आलोय न्हवं मी वर?"