पणजीचा मोठा फोटो
संग्रहालयाचे जुने फोटो मीच वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुले ठेवले होते. परवा न्गाहुया मावशीनं माझ्या टेबलावर भांडी पुसायचं फडकं टाकलं. त्यावर कुणीतरी आमच्या वेबसाइटवरून उचललेला तिच्या पणजीचा गोंदलेला चेहरा छापला होता. आम्हा माओरींत डोकं पवित्र, अन्नाजवळ त्याचं चित्रसुद्धा नेत नाहीत. “तिच्या तोंडानं ताटल्या पुसतात रे.” मी घाबरलो. “फोटो काढून टाकतो, मावशी.” “काढू नकोस, शहाण्या. सिडनीतल्या माझ्या नातीनं तिला तुझ्या वेबसाइटवरच पहिल्यांदा पाहिलं. छोटा फोटो सगळ्यांना दिसू दे. छापण्याजोगा मोठा ज्याला हवाय त्यानं मला फोन करायचा. नंबर टाक.” “जगभरातून फोन येतील.” “मग? मला कुठं ऑफिसला जायचंय?” टी-शर्ट छापणाऱ्या जर्मनाचा आज पहिला फोन आला. मावशीनं त्याला तासभर पणजीची वंशावळ ऐकवली. त्यानं फोटो मागितलाच नाही. उरलेलं ऐकायला शनिवारी फोन करू का, एवढंच विचारलं.