दहापर्यंत

सुभेदारसाहेब जेवताना कसे डुलक्या घेतात, त्याची रविराजनं फोनवर हुबेहूब नक्कल केली. सीमेवरून बायकोला फोन लावला की तो असलंच काहीतरी रंगवून सांगायचा. संयोगितानं पदराचा बोळा तोंडात धरला आणि हसू गिळलं.

पलीकडं तो थांबला. "आजबी हसली न्हाईस."

"ऐकतीया की."

"पोरगं झाल्यापास्नं बघतोय. मी बोलतो आन् तू नुसतं हूं हूं करतीस. राग हाय का गं माझ्यावर?"

ती बेदाण्याच्या शेडमागं उभी होती. मल्हार घरात आजीच्या मांडीवर झोपलेला. त्याच्या बारशाला ती खळखळून हसली आणि बसल्या जागी साडी भिजली. तांब्या लवंडला म्हणून तिनं वेळ मारून नेली. त्या गोष्टीला पाच महिने झाले. तेव्हापासून शेजारीपाजारी जाणं तिनं सोडलं होतं.

"राग न्हाई," ती म्हणाली. मग एका दमात बोलून गेली, "हसलं की लघवी सुटती. शिंकलं, खोकलं तरीबी. बाळंतपणापास्नं."

पलीकडून नुसता जवानांचा गलका ऐकू आला. उगाच बोलले, असं तिला वाटलं.

"आईला म्हाईत हाय?"

"न्हाई. कुणालाच न्हाई."

"डॉक्टरला दावलंस का?"

"काल जाऊन आले, विश्रामबागला. मल्हारला डोस द्यायचाय म्हनून घरातनं निघाले. डॉक्टरबाईंनी व्यायाम दिलाय. लघवी अडवून धरल्यागत आतनं आवळायचं, दहापर्यंत मोजायचं, मग सोडायचं. दिवसातनं तीनदा. तीन महिनं तरी."

"त्यानं बरं हुतं?"

"लय जणींचं हुतं म्हनाल्या. पर मी मोजाय लागले की चार-पाचलाच रडू येतंय."

फोनमधला जवानांचा गलका हळूहळू मागं पडला. तो बाहेर मोकळ्यावर आला असावा.

"आवळ," तो म्हणाला.

"आत्ता?"

"व्हय. मी मोजतो."

तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग डोळे मिटले.

"एक... दोन..." परेडवर द्यायचा तोच आवाज, पण अगदी हळू. "श्वास घेत ऱ्हा. तीन... चार... पाच... सहा..."

आणि फोन मुका झाला. त्याच्याकडची रेंज गेली होती.

संयोगितानं फोन कानापासून हलवला नाही. आतून आवळलेलं तसंच धरून ती सातची वाट बघत उभी राहिली.