अकितीच्या आधी

तुळशीला पाणी घातल्याशिवाय सत्यभामेनं कधी घोट घेतला नव्हता, आणि सासूपुढे कधी तोंडही उघडलं नव्हतं. पण भर दुपारी सून रखमाला शेतातून उचलून आणलं, तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि डोळे फिरले होते. बैलगाडीनं दारव्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं तर संध्याकाळ झाली असती. अकिती, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली होती; तरी सत्यभामेनं अंगणातल्या आंब्याच्या चार कैऱ्या तोडल्या आणि चुलीच्या निखाऱ्यांत पुरल्या.

"काय करून राह्यली तू?" सासू धुरपताबाई कडाडल्या. "अकितीले आठ दिवस हायेत. पितरांच्या घागरीपुढं ठेवल्याबिगर या घरात कैरी कोणी तोंडाले लावत नाही, मालूम नाही तुले?"

"मालूम आहे, आत्याबाई."

"मंग? पितर तहानलेले ठेवून सुनेले पन्हं पाजतं?"

सत्यभामेनं भाजलेला गर गुळाच्या पाण्यात कोळला, त्यात जिरं-मीठ टाकलं. थोडा गर रखमाच्या तळपायांना चोळला आणि चमच्यानं पन्हं तिच्या ओठांत सोडू लागली.

"थांब म्हणते ना! माह्या मालकाच्या नावाची घागर उष्टी करतं काय?"

सत्यभामेचा हात थांबला नाही. आवाजही नेहमीसारखाच हळू होता.

"मामाजीबी असेच ऊन लागून गेले, आत्याबाई. तवाबी अकितीले आठच दिवस होते, अन् हे झाड कैऱ्यांनी लदलं होतं."