दुधिवरे खिंडीत उकळलेली गाडी

"ओ बाई, बाटली खाली ठेवा! तापल्या इंजनावर गार पाणी वतता व्हय?"

पायल दचकून मागं सरली. बॉनेट काही तिला उघडता आलं नव्हतं. फटीतून वाफ येत होती आणि गाडीत आई, कस्तुराबाई, घामाघूम होऊन बसली होती. बारा वाजता लोणावळ्याच्या दवाखान्यात डायलिसिसचा नंबर. तो हुकला की परवापर्यंत लटकायचं, आणि आईच्या अंगावर आत्ताच सूज होती. एसटीचे हिसके तिला सोसवेनात, म्हणून तर तळेगावच्या एजंटाकडून कालच ही जुनी गाडी आणली. पहिल्याच फेरीला खिंडीत हा तमाशा!

मागं थांबलेल्या जीपमधून उतरलेला माणूस पन्नाशीचा होता. "अर्धा तास हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. "उकळतं पाणी तोंडावर उडतं. कातडं सोलून निघंल."

"अहो, पण आईला उशीर होईल!"

"वेळंत पोचवायचं माज्याकडं लागलं."

मोबाइलला रेंज नव्हती. पायल आईला पदरानं वारा घालत बसली.

वाफ विरली तशी त्यानं बॉनेटच्या डाव्या कडेला एक बुक्की हाणली आणि ते अलगद उघडलं. इंजन निवल्यावर रेडिएटरच्या झाकणावर गोणपाट टाकलं, हळूच थोडं फिरवलं, उरलीसुरली हवा जाऊ दिली, मग काढलं. जीपमधून कूलंटचा, म्हणजे इंजन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, कॅन आणून त्यात ओतला.

"आता चालू करा. या हिकडं, पण ओढणी आवरा, पंख्यात जायची. इंजन तापलं की पाणी फिरताना दिसाय पायजे."

पायल टक लावून बघत राहिली. इंजन तापलं, रेडिएटरच्या तोंडातलं पाणी मात्र डबक्यासारखं जागच्या जागी.

"फिरत नाही हो, भाऊ."

"बंद करा," तो पडेल आवाजात म्हणाला. "पाणी फिरवणारा पंप गेला. हिला आता हलवायची न्हाई. मावशीला जीपमधी घ्या."

पावणेबाराला जीप दवाखान्याच्या दारात उभी होती. पायलला रडूच फुटलं. तिनं भाऊंचे हात धरले. "तुम्ही नसता तर आज माझं तोंड भाजलं असतं, आणि आईचं काय झालं असतं कुणास ठाऊक!"

"नाव काय रं लेकरा तुजं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"श्रीपती," तो खाली बघत म्हणाला.

म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "देवच धाडला बग तुला."

"गाडीची किल्ली द्या," तो घाईनं म्हणाला. "नवा पंप बसवून घरी आणून देतो. पैशाचं नाव काढू नका." किल्ली घेऊन तो गेलासुद्धा.

तेवढ्यात पायलचा फोन वाजला. एजंट अतुल होता.

"ताई, सकाळपासून फोन लावतोय! गाडी चढाला घालू नका. जुना मालक पहाटेच दारात येऊन रडला, तापते हे लपवून विकली म्हणाला. तुमचा रस्ता विचारून जीप घेऊन तुमच्या मागं निघालाय. श्रीपती नाव त्याचं, भेटला का?"