मिरजेतलं गिऱ्हाईक

पार्सल फोडू नका, असं प्रबुद्धनं आईला फोनवर सांगायला लावलं होतं. म्हणून साताऱ्याच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवणाऱ्या अवधूतनं ते साताऱ्याहून मिरजेपर्यंत एसटीत मांडीवर धरून तसंच बंद आणलं.

प्रबुद्ध खिडकीजवळच्या कॉटवर उशांना टेकून बसला होता. सव्वीस वर्षांचा. स्नायू वाळवत नेणारा आजार पायांतून कमरेत आणि कमरेतून खांद्यांत चढला होता. दिवाळीत अवधूत आला तेव्हा उजव्या हाताची बोटं कीबोर्डवर फिरत होती. आता तो हात चादरीवर नुसता पडून होता.

"बोटं?" अवधूतनं विचारलं.

"गेली. पंधरा दिवस झाले. फोड आता."

खोक्यात एक जाडसर पुस्तक होतं, एक सीडी आणि एक कार्ड. गाव वसवायचं, राज्य वाढवायचं, लढाया करायच्या, असा गेम. वर बारीक अक्षरांत 'लिनक्ससाठी' असं छापलेलं. अवधूतनं ते प्रबुद्धच्या डोळ्यांसमोर धरलं. प्रबुद्धनं ते दोनदा वाचलं.

एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून दोघांनीही आपापल्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं होतं. ते वापरणारं तिसरं माणूस त्यांना सातारा-सांगलीत अजून भेटलं नव्हतं. दुकानात येणारे गेम सगळे विंडोजचे. सांगलीच्या सीडीवाल्याकडे लिनक्सचा मागितला, तर त्यानं 'कुणाचा पिक्चर?' असं विचारलं होतं. शेवटी जुलैत अवधूतनं बँकेत चार हेलपाटे घालून, ड्राफ्ट काढून थेट अमेरिकेतल्या कंपनीकडून मागवला. आज डिसेंबरची तीन तारीख होती.

गेम चढवायला तास गेला. आवाज काही केल्या येईना. चित्र मात्र आलं: हिरवी जमीन, निळी नदी, आणि मधोमध एक बैलगाडीसारखं काहीतरी.

"तू सांग, मी दाबतो," अवधूत म्हणाला.

"वर," प्रबुद्ध म्हणाला. श्वास घेतला. "आनखी वर. नदीच्या कडंला. हितं वसव गाव."

गाव वसलं. चार खेळ्या झाल्या. पाचव्या वेळी प्रबुद्धनं तोंड उघडलं आणि मिटलं. कपाळावर घाम आला होता.

"तू खेळ गड्या. मी बघतो."

अवधूतनं कीबोर्ड बाजूला सारला.

"पुण्याच्या मित्राकडं याची उतरवलेली कॉपी होती. ऑगस्टमध्येच आणून देतो म्हणालो होतो मी. बोटं होती तोवर खेळला असतास. चार महिने, प्रबुद्ध."

प्रबुद्धची आई, भामाबाई, चहा घेऊन दारात आल्या होत्या. "म्या बी त्येच म्हनत हुते, सर," त्या म्हणाल्या. "आयकतोय का कुनाचं?"

प्रबुद्धनं नजर पडद्यावरच्या गावावर ठेवली. मग एकेक वाक्य सोडवल्यासारखं बोलला.

"कॉपी आणली असती, तर कंपनीवाल्यांना काय कळलं असतं? मिरजेत त्यांचं एक गिऱ्हाईक हाय, हे कळाय नको? न्हाईतर म्हणतील, कुणीच न्हाई घेणारं. आन् लिनक्सचे गेम काढायचं बंद करतील."

एका माणसानं घेतल्यानं काय होतं, हे अवधूतच्या ओठावर आलं होतं. त्यानं चहाचा घोट घेतला.

"कार्ड भर ते," प्रबुद्ध म्हणाला. "भरून धाडलं की नोंद होती."

अवधूत कॉटच्या कडेला बसून कार्ड भरू लागला. नाव. पत्ता. वय. कॉम्प्युटर कुठला. एकेक ओळ वाचून दाखवत त्यानं भरली. पुढचा गेम किती दिवसांत विकत घ्याल, असं एके ठिकाणी विचारलं होतं. खाली चौकटी होत्या: तीन महिने, सहा महिने, एक वर्ष. ते न वाचता तो पुढं सरकला.

"एक सोडलास."

"ते भरलं नाही तरी चालतं."

"तीन महिन्यांवर खूण कर. वर्ष म्हटलं तर निवांत बसतील ती माणसं."

अवधूतनं खूण केली. भामाबाईंनी रिकामे कप उचलले आणि परत तिथंच ठेवले.

तळाशी सहीची जागा होती. अवधूतनं पेन प्रबुद्धच्या बोटांत दिलं. ते चादरीवर पडलं. पुन्हा दिलं. पुन्हा पडलं. प्रबुद्धनं मान भिंतीकडे वळवली.

"मावशी," अवधूत खालच्या आवाजात म्हणाला, "अंगठा चालेल. शाईपॅड असेल तर—"

"न्हाई. अंगठा न्हाई," भामाबाई म्हणाल्या.

भामाबाई दवाखान्यात आया होत्या. प्रबुद्धनं सातवीत असताना पाटीवर गिरवून घेऊन त्यांना सही शिकवली होती. तेव्हापासून पगाराच्या कागदावर त्यांनी अंगठा उठवला नव्हता.

त्या कॉटवर चढून लेकाच्या पाठीशी बसल्या. त्याच्या मुठीत पेन धरलं, आणि त्याच्या मुठीवर आपली मूठ आवळली. त्यांना लिहिता येणारी सही एकच होती. जीभ दातांत धरून त्यांनी ती सावकाश काढली. वर अवधूतनं इंग्रजीत लिहिलेलं प्रबुद्ध बनसोडे, आणि त्याखाली मोठ्या वाकड्या मराठी अक्षरांत भामाबाई राजाराम बनसोडे.

अवधूतनं कार्ड प्रबुद्धला दिसेल असं धरलं.

प्रबुद्धनं मान वळवली आणि सही वाचली.

"राजारामचा शेवटचा काना राहिला, आई."

"कुटं?"

"म च्या आधी."

भामाबाईंनी त्याची मूठ अजून सोडली नव्हती. दोघांनी मिळून काना दिला.